डेपोची वहिनी

माझी वहिनी आमच्या बस डेपोत पहिल्यांदा आली, त्या दिवशी कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "झालं. उद्यापासून गवत." सगळे हसले. मीही हसलो, कारण ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा माझ्या आईलाही हीच धास्ती होती. सून आहारतज्ज्ञ म्हणजे घरात पोलीसचौकी बसल्यासारखंच, असं ती शेजारणीला सांगायची.

मी बस चालवतो. वहिनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, फर्निचर बनवतो आणि दिवसाकाठी जेमतेम दहा वाक्यं बोलतो. त्यामुळे घरातलं बोलणं मुख्यतः आई, वहिनी आणि मी असं तिघांत चालतं.

या कामात ती कशी आली ते तिने मला एकदाच सांगितलं होतं, भांडी पुसता पुसता. तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. ते हृदयाच्या दुखण्यातून उठले, तेव्हा दवाखान्यातून निघताना कोणीतरी घाईघाईत सांगितलं की तेल बंद, मीठ बंद, अंडं बंद, गोड बंद. काय चालू ठेवायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही. मग तिचे वडील ताटावर बसायचे आणि प्रत्येक घासाकडे संशयाने बघायचे. तिच्या आईला काय शिजवावं कळेना. माणूस दुखण्यातून वाचला आणि भीतीने वाळत चालला. शर्ट खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबायला लागला. पुढच्या तपासणीला दवाखान्यातल्या एका वयस्कर आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना आधी खुर्चीवर बसवलं आणि विचारलं की तुम्हाला खायला काय आवडतं. वडील म्हणे लहान मुलासारखे रडले. त्या बाईंनी त्यांच्या आवडीतूनच ताट मांडून दिलं. वहिनी तेव्हा हिशेबाचं काहीतरी शिकत होती. ते सोडून ती या शिक्षणाला गेली.

आमच्या घरी आल्यावर तिने आईच्या स्वयंपाकाबद्दल चकार शब्द काढला नाही. वाढलेलं ती मुकाट खायची आणि चांगलं झालं की चांगलं म्हणायची. आईला हे फार जड गेलं. भांडणाची तयारी करून बसावं आणि समोरचा यायलाच तयार नसावा, तशी तिची गत झाली. रक्तदाबाच्या गोळ्या तर आई तेव्हाही घेतच होती. शेवटी न राहवून तिनेच विचारलं, "माझं काही चुकतं का गं?"

वहिनी म्हणाली, "चुकत काही नाही आई. पण मला वाटतं, तुमच्या हाताची चव मिठावर अवलंबून नाही."

झालं. आईने हे सिद्ध करून दाखवायचं मनावर घेतलं. मीठ कमी, लिंबू जास्त, लसूण जास्त, आणि जेवताना आमच्या तोंडाकडे बारीक नजर. आम्हाला कळलं तेव्हा चव कधीच अंगवळणी पडली होती. अजूनही आई सांगते की घरातलं मीठ तिने स्वतःच्या अकलेने कमी केलं, आणि वहिनी मान डोलावते.

तर डेपोत ती आली त्याला कारण पैलवान. पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात धिप्पाड ड्रायव्हर. कुस्ती तो कधी खेळला नाही, पण अंगावरून नाव पडलं. एका दुपारी भरल्या बसमध्ये त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कोणाला खरचटलंही नाही. पण तपासणीत त्याची रक्तातली साखर आभाळाला टेकलेली निघाली. मग साहेबांनी, म्हणजे डेपो मॅनेजरने, सगळ्याच ड्रायव्हरांची तपासणी करवली, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांचं पितळ उघडं पडलं. कोणाला साखर, कोणाला दाब, कोणाला दोन्ही. पैलवानला स्टिअरिंगवरून उतरवून गेटवर बसवलं. त्याला गाड्यांच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवायचं काम दिलं. ज्याने आयुष्यभर गाडी चालवली, त्याने दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघायच्या, यापेक्षा वाईट शिक्षा आम्हा ड्रायव्हरांना माहीत नाही.

साहेबांनी दवाखान्याला कळवलं की आमच्या माणसांना खाण्यापिण्याबद्दल चार शब्द सांगायला कोणाला तरी पाठवा. दवाखान्याने वहिनीला पाठवलं.

साहेबांच्या मनात भाषण होतं. सभागृहात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. वहिनी म्हणाली की भाषण नंतर, आधी मला यांच्याबरोबर बसमधून फिरू द्या. साहेबांना वाटलं, बाईंना फुकट शहर बघायचं आहे. पण परवानगी दिली.

मग ती पहाटेच्या पहिल्या पाळीला येऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला लागली. आज या गाडीत, उद्या त्या. माझ्या गाडीत एकदा बसली आणि वाटेत एकदाही बोलली नाही. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची, पाच-दहा मिनिटं मिळायची, त्यात आम्ही टपरीवर धावायचो, काहीतरी तळलेलं तोंडात कोंबायचो, पाकासारखा गोड चहा घशाखाली ओतायचो आणि पुन्हा सीटवर. ती टपरीपाशी उभी राहून बघायची. मला वाटलं होतं, ती तळणाबद्दल बोलेल. संध्याकाळी घरी आल्यावर तिने विचारलं, "भाऊजी, तुम्ही दिवसभरात पाणी किती पिता?"

मी म्हटलं, तहान लागली की पितो. ती म्हणाली, बाटली सकाळी भरली होती तशीच परत आली आहे. मग मला खरं सांगावं लागलं. शेवटच्या थांब्यावर संडास नाही. मधल्या थांब्यांवरही नाही. पाणी प्यायलं की जायचं कुठे? पुरुष एखादा आडोसा तरी शोधतात. कंडक्टर बायका तर सकाळी घरून निघतात त्या पाण्याला शिवतच नाहीत. तहान लागली की चहाचा घोट घ्यायचा, तेवढ्यावर भागवायचं. एवढ्या वर्षांत हे कोणाला सांगावं असं आम्हाला वाटलंच नव्हतं. ती आमच्या धंद्याची रीतच होती.

दादा पलीकडे पटाशीला धार लावत बसला होता, त्याचा हात थांबला.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी बैठक बोलावली. मुख्य कार्यालयातले एक मोठे साहेबही आले होते. ड्रायव्हर-कंडक्टरांतर्फे आम्ही काही जण मागे उभे होतो. वहिनीला विचारलं गेलं की तुमच्या सूचना काय. ती म्हणाली, "पहिली सूचना, शेवटच्या थांब्यांवर संडास बांधा."

मोठे साहेब जरा हसून म्हणाले, "बाई, आम्ही तुम्हाला आहारासाठी बोलावलं आहे. हा तुमचा विषय नाही."

"माणूस पाणी का पीत नाही, हा माझाच विषय आहे," वहिनी म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. मग तिने शांतपणे समजावलं की पाणी नाही म्हणून चहा, चहा गोड म्हणून साखर, भूक मारायला तळण, आणि लघवी दाबून धरल्याने कंडक्टर बायकांना होणारे आजार वेगळेच. या लोकांना काय खावं ते सांगायला मला अर्धा तास पुरेल, पण ते खायला-प्यायला जागाच नसेल तर तो अर्धा तास वाया जाईल, असं ती म्हणाली. मागे उभ्या असलेल्या एका कंडक्टरबाईने डोळ्याला पदर लावला. माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटतील असं वाटलं. मोठ्या साहेबांनी 'बघू' म्हटलं. 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

तोवर तिने कँटीनकडे मोर्चा वळवला. आमच्या कँटीनचा आचारी म्हणजे कप्तान. पूर्वी तो जहाजावर स्वयंपाकाला होता आणि कँटीनही जहाजासारखंच चालवायचा, म्हणजे हुकूम फक्त त्याचा. बाहेरची बाई येऊन आपल्या पातेल्यात नाक खुपसणार म्हटल्यावर त्याचा पारा चढला. तो वरवर गोड बोलला. तुम्ही म्हणाल तसं करतो, म्हणाला. आणि खरंच त्याने तिने सांगितल्याबरहुकूम भाजी उकडली, तेल जवळजवळ नाही, मीठ निम्मं, मसाला नावाला. दुपारी जेवणाची घंटा झाली. ड्रायव्हर आले, एक एक घास खाल्ला आणि उठून गेटबाहेरच्या टपरीवर गेले. मीही गेलो. वहिनीची माया वेगळी आणि पोटाची आग वेगळी.

कप्तानने भरलेलं पातेलं तसंच्या तसं उचलून वहिनीसमोर आणून ठेवलं. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. वहिनीने डावाने थोडं घेतलं, चव बघितली, आणि म्हणाली की हे बेचव आहे, मी स्वतःही खाल्लं नसतं, चूक माझी आहे. कप्तानची भांडणाची सगळी तयारी फुकट गेली. आमच्या आईची झाली होती तशी.

तिने मग कप्तानलाच विचारलं की जहाजावर महिनोन्‌महिने ताजं काही मिळत नसताना तुम्ही चव कुठून आणायचात. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. तो बोलायला लागला. कांदा कोरडाच तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचा, टोमॅटो विस्तवावर धरायचा, लसूण आधी नाही, शेवटी घालायचा. वहिनी बाह्या सरसावून त्याच्या शेजारी उभी राहिली. तेल एकदम नाही, हळूहळू कमी करायचं ठरलं, कोणाच्या जिभेला कळणार नाही इतकं हळू. पातळ मसुराचं सूप रोज ठेवायचं, कारण ते लवकर पिऊन होतं आणि पोटात टिकतं. भाज्या वाढण्याच्या टेबलावर सगळ्यात पुढे, ताटल्यांच्या शेजारी, आणि तळलेलं पार टोकाला. भुकेला माणूस समोर येईल त्याने ताट भरतो आणि टोकाला पोचेपर्यंत ताटात जागाच उरत नाही. टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्या उचलून कप्तानच्या खिडकीत ठेवल्या. मीठ हवं त्याने उठून यावं. किटलीतला चहा बिनसाखरेचा, साखर वेगळी, आणि साखरेच्या डब्यात मोठ्या चमच्याऐवजी इवलासा चमचा. मोजून तीन चमचे घेणारा अजूनही तीनच घ्यायचा, पण ते तीन म्हणजे पूर्वीचा एक. वहिनी म्हणायची की माणसाचा आळस हा माझा सगळ्यात जुना मदतनीस आहे, त्याच्याविरुद्ध जाण्यात अर्थ नाही, त्याला कामाला लावावं.

जे ड्रायव्हर दुपारी डेपोत येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी कप्तान सकाळीच डबे भरून द्यायला लागला. त्यात उकडलेलं अंडं, भाजलेले शेंगदाणे, पाव, एखादं फळ असायचं. पहिल्या दिवशी डबे न्यायला कोणी पुढे होईना. ड्रायव्हरने शाळकरी पोरासारखा डबा न्यायचा म्हणजे काय. मग आमच्यातली सर्वांत जुनी कंडक्टरबाई उठली, दोन डबे उचलले, एक स्वतःला आणि एक तिच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. नंतर डबे कमी पडायला लागले.

मी वहिनी म्हणायचो म्हणून हळूहळू सगळा डेपो तिला वहिनी म्हणायला लागला. तिच्याहून दुप्पट वयाचे ड्रायव्हरसुद्धा. तिनेही तक्रार केली नाही.

पैलवान मात्र लांबच राहायचा. गेटवरच्या खोलीत बसायचा, कँटीनमध्ये यायचा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतो म्हणायचा. पुन्हा तपासणी होणार होती आणि तीत तो पास झाला तर स्टिअरिंग परत मिळणार होतं. वहिनी त्याच्याशी बोलायला दोनदा गेली, त्याने दोन्ही वेळा 'सगळं ठीक आहे बाई' म्हणून वाटेला लावली. सबंध डेपोत तिला बाई म्हणणारा तो एकटाच उरला होता.

तपासणी तोंडावर आली असताना ते घडलं. दुपारची जेवणाची वेळ होती. पैलवान कँटीनच्या दारात आला आणि चौकटीला धरून उभा राहिला. चेहरा घामाने डबडबलेला. कोणीतरी हाक मारली तर तो भलतंच काहीतरी बोलला, जीभ अडखळत होती. पुढे आला तो एका खुर्चीला धडकला आणि ती खुर्ची त्याने रागाने लाथाडली. जो माणूस कधी मुंगीलाही दुखवणार नाही, तो सुपरवायझरच्या अंगावर धावून गेला. सुपरवायझरने साहेबांना बोलावलं. साहेब आले, बघितलं आणि म्हणाले की दिवसाढवळ्या पिऊन येतो, याला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा, उद्यापासून कामावर यायचं नाही. आम्ही खाली माना घालून उभे होतो. गेटवर बसून बसून माणूस बाटलीला लागला, असंच आम्हालाही वाटलं.

वहिनी आतून ओल्या हातांनी आली. तिने साहेबांकडे बघितलंही नाही. पैलवानच्या मानेला हात लावला, त्याची बोटं हातात धरली. बोटं थरथरत होती. तोंडाचा वास घ्यायला ती त्याच्याजवळ झुकली, मग सरळ झाली आणि म्हणाली, "कप्तान, अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर. मोठ्या चमच्याने. लवकर."

कप्तान जागचा हलेना. इतके दिवस साखरेचा चमचा लहान करणारी बाई साखर मागते आहे, हे त्याच्या कानांना पटत नव्हतं. "साखर?" त्याने विचारलं.

"साखरच," ती म्हणाली, आणि तो धावला.

आमच्यातल्या दोघांनी धरून पैलवानला खाली बसवलं. वहिनीने पेला त्याच्या ओठांना लावला आणि एक एक घोट पाजला, प्रत्येक घोट गिळला जातो ना ते बघत. मग ती त्याचा हात धरून जमिनीवर तशीच बसून राहिली. काही मिनिटांनी तिने आणखी थोडं पाजलं. हळूहळू त्याच्या अंगाची थरथर थांबली, डोळ्यांत ओळख आली. त्याने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं की मी इथे कसा आलो. तिने त्याला पाव आणि अंडं खायला लावलं. मग कुठे ती उठली, आणि साहेबांना म्हणाली, "हा माणूस प्यायलेला नाही. उपाशी आहे."

तेव्हा सगळं बाहेर आलं. साखर लवकर उतरावी म्हणून पैलवानने जेवणच सोडलं होतं. तपासणीत पास व्हावं एवढाच ध्यास. गोळी मात्र न चुकता घ्यायचा. घरी बायकोला सांगायचा की कँटीनमध्ये जेवतो, आणि आम्हाला वाटायचं घरून जेवून येतो. रिकाम्या पोटी गोळीने साखर इतकी खाली आणली होती की आणखी थोडा उशीर झाला असता तर तो शुद्धीवर राहिला नसता. वहिनी म्हणाली की या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, आत्ता बरं वाटलं तरी साखर पुन्हा उतरू शकते. साहेबांनी स्वतःची गाडी काढली. वहिनी त्याच्याबरोबर मागे बसून दवाखान्यात गेली.

साहेब माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी ते गेटवरच्या खोलीत गेले, पैलवान अजून दवाखान्यातच होता, तर त्यांनी तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं की काल माझ्या हातून मोठा अन्याय होणार होता. मग ते कार्यालयात गेले आणि संडासासाठी मोठ्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागले. पहिला संडास, पाण्याच्या टाकीसकट, सर्वांत लांबच्या थांब्यावर उभा राहिला, तेव्हा मोठे साहेब फीत कापायला आले. कंडक्टर बायकांनी कात्री त्यांच्या हातून घेऊन वहिनीच्या हातात दिली. आमच्या घराण्यात संडासाचं उद्घाटन करणारी ती पहिलीच. आईने ही बातमी शेजारणीला सांगताना आधी आवाज बारीक केला होता, पण शेवटाला येईपर्यंत तो तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता.

डॉक्टरांनी पैलवानची गोळी बदलली. जेवणाचं काम वहिनीकडे होतं. ती त्याच्या घरी गेली, मलाही सोबत नेलं. पैलवानची बायको दार उघडताच रडायला लागली. तिला वाटलं, स्वयंपाकाला दोष द्यायला दवाखान्यातून कोणी आलं आहे. नवरा धिप्पाड, म्हणून ती वर्षानुवर्षं ताटात भाताचा डोंगर रचत आली होती. तो डोंगर हीच तिची माया होती.

वहिनी तिला म्हणाली, "ताई, भात शत्रू नाही. फक्त त्याने ताटात जरा सरकून बसायचं."

तिने घरातलंच ताट मागितलं. अर्ध्या ताटात भाज्या वाढायला लावल्या, उरलेल्या अर्ध्यातल्या अर्ध्यात भात आणि अर्ध्यात अंडी, मासा किंवा मसूर, जे घरात असेल ते. पैलवानची मूठ ताटावर धरून दाखवली की एवढा भात. पैलवानची मूठ म्हणजे काही लहान नाही, हे बघून त्याच्या बायकोला धीर आला. जेवण चुकवायचं नाही, ही गोष्ट वहिनीने सगळ्यात जास्त वेळा सांगितली. भूक लागली की खायचं, ठरल्या वेळी खायचं, आणि खिशात नेहमी गोड गोळ्यांची पुडी ठेवायची. पैलवान खाली मान घालून ऐकत होता. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "वहिनी, मला वाटलं होतं तुम्ही खाणं सोडायला सांगाल. म्हणून मी आधीच सोडलं."

परत येताना बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली की आम्हा आहारतज्ज्ञांबद्दल लोकांच्या मनात हेच बसलं आहे, आणि ते बदलायला माझं आयुष्य पुरणार नाही. मी म्हटलं, आमच्या डेपोत तरी पुरलं.

सगळंच गोड झालं असं नाही. आमच्यातले मास्तर नावाचे एक जुने ड्रायव्हर आहेत, ते आजही टपरीवर जातात, मीठ घ्यायला उठून खिडकीपर्यंत जातात, आणि वहिनीला सांगतात की आता या वयात जीभ बदलत नसते. ती त्यांच्याजवळ बसून चहा पिते, मुलाबाळांची चौकशी करते, आणि अधूनमधून एखादं फळ त्यांच्यासमोर सोलून ठेवते. कधी खातात, कधी नाही. आणखी दोघा ड्रायव्हरांचा तपासणीत दाब उतरला नाही आणि त्यांना कार्यालयात बदली घ्यावी लागली. वहिनीला हे लागतं. असं काही कळलं त्या दिवशी ती घरी अर्धवट जेवते आणि दादा तिच्या ताटात न विचारता भाजी वाढतो.

पैलवानला ती ठरलेली तपासणी देताच आली नाही. पुढची दिली, त्यात साखर अजूनही जास्तच निघाली. तो गेटवरच राहिला, पण आता कँटीनमध्ये येऊन सगळ्यांबरोबर जेवायचा, संध्याकाळी बायकोबरोबर चालायला जायचा. त्याच्यापुढच्या तपासणीत तो पास झाला. डॉक्टरांनी सही केली, तशी साहेबांनी स्वतः त्याच्या हातात किल्ली दिली. सकाळची पाळी होती. सगळा डेपो अंगणात जमला. पैलवान सीटवर बसला, आरसे नीट केले, मग पुन्हा केले. गाडी चालू करायच्या आधी बराच वेळ त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर नुसते ठेवून दिले. कप्तान पळत येऊन डबा देऊन गेला. गाडी गेटमधून बाहेर पडली तेव्हा वहिनी माझ्या शेजारी उभी होती आणि तिचं नाक लाल झालं होतं. मी विचारलं तर म्हणाली, गाड्यांचा धूर.

त्यानंतर मुख्य कार्यालयाने शहरातल्या सगळ्या डेपोंच्या लोकांना बोलावून वहिनीला त्यांच्यासमोर बोलायला सांगितलं. मोठं सभागृह, व्यासपीठ, माइक. ती कप्तानला बरोबर घेऊन गेली. स्वतः थोडंच बोलली आणि भाजलेल्या कांद्याचं काय ते हेच सांगतील म्हणून माइक त्याच्या हातात दिला. कप्तानने इतका वेळ भाषण केलं की शेवटी चिठ्ठी पाठवावी लागली. आई पहिल्या रांगेत बसली होती. दादा मागच्या भिंतीला टेकून उभा होता, तो कुठल्याही सभेत असाच उभा राहतो. टाळ्या थांबल्या तरी त्याच्या चालू होत्या. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले, तरी त्याला भान नव्हतं.

आता ती दवाखान्यातलं काम सांभाळून दुसऱ्या डेपोंतही जाते. तिथेही आधी बसमधून फिरते, मग बोलते. परवा दुसऱ्या डेपोचा एक ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर माझ्या शेजारी गाडी लावून उतरला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही वहिनींचे दीर ना?"

वीस वर्षं या शहरात गाडी चालवतो आहे. माझी एवढी मोठी ओळख आजवर कोणी करून दिली नव्हती. मी म्हटलं, हो, मीच.